पोटाखालची ती पांढरी थैली विषाची नाही

मावशीचा फोन रात्री साडेअकराला आला. बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला म्हणून तिनं झुरळांचा फवारा मारला. कोळी खाली पडला आणि त्याच्या पोटाखालची पांढरी गोल चकती सुटून फरशीवर घरंगळली. "ती विषाची थैली आहे ना गं? फुटली तर घरभर वाफ पसरते म्हणे. मी दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबलाय." मावशी एकाहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, आणि त्या रात्री ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहिली.

हे "म्हणे" कुठून आलं ते मला माहीत होतं. त्या आठवड्यात तोच मेसेज मला तीन ग्रुपवर आला होता. "सावधान! हंट्समन नावाचा नवा प्राणघातक कोळी घरात शिरतोय", खाली तीन फोटो आणि सहा मुद्दे: ही जात नुकतीच सापडली आहे, पोटाखाली विषाची पांढरी थैली असते, तोंडावर पांढरी पट्टी असलेला प्रकार विषारी, पाठीवर काळी खूण असलेला साधा, सहा डोळे ही ओळखीची खूण, तो माणसाची शिकार करतो म्हणून हे नाव, चावलाच तर जागा ब्लेडनं चिरून वर घट्ट बांधा. दोनदा मी तो वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता.

आधी थैली, कारण मावशीची झोप तिच्यामुळेच उडाली.

सकाळी मी मेलेला कोळी आणि ती चकती बरणीत घालून घरी आणली. चकती कोटाच्या मोठ्या बटणासारखी, चपटी आणि पांढुरकी. हाताला कडक कागदासारखी लागते, आणि भिंगाखाली धरली की रेशमाचे धागे एकमेकांवर घट्ट बसलेले दिसतात. कडेनं सुईनं उकलली. आत शंभरावर पिल्लं होती, फिकट, जवळजवळ पारदर्शक, पाय पोटाशी दुमडलेले. एकही हलत नव्हतं. विषाचा थेंबसुद्धा त्यात नव्हता, आणि असायचं काही कारणच नाही. कोळ्याच्या विषाच्या ग्रंथी शरीराच्या पुढच्या भागात असतात आणि विष जबड्याच्या नख्यांमधून बाहेर येतं. पोटाच्या मागच्या टोकाला असतात त्या धागा काढणाऱ्या ग्रंथी. आणि विष म्हणजे प्रथिनांसारख्या पदार्थांचं द्रावण, ते चाव्यातून शरीरात जावं लागतं. त्याची वाफ होऊन दाराखालच्या फटीतून पसरत नाही.

या जातीची मादी अंड्यांची पिशवी कुठे चिकटवून निघून जात नाही. तोंडाजवळच्या दोन आखूड उपांगांनी, ज्यांना पेडिपॅल्प म्हणतात, ती पिशवी पोटाखाली धरून ठेवते आणि काही आठवडे तशीच वागवते. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही. पिशवी चपटी असल्यामुळे चौकटीमागच्या अरुंद फटीतही ती घेऊन शिरता येते. मेसेजमध्ये याच मादीच्या फोटोखाली "दबा धरून बसलेला, थैली भरलेला" असं लिहिलंय. ती दबा धरून बसलेली नसते, पिल्लं सांभाळत असते. एवढं मात्र मान्य करते की पिशवी जवळ असताना तिला डिवचलं तर ती चावू शकते. तेव्हा बोट जवळ नेऊ नये.

आता "नवी जात". मावशीकडचा कोळी हंट्समनच होता, त्याचं शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. प्राणी-वनस्पतींना लॅटिन नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं त्याचं वर्णन 1767 मध्ये केलं. म्हणजे हा "नवा" कोळी अडीचशे वर्षांपूर्वीच नोंदलेला आहे. मूळचा तो बहुधा आशियाच्या उष्ण भागातला, आणि जहाजांतल्या मालाबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडून वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग चालवला जातो. जगातल्या पन्नास हजारांहून जास्त जातींची नावं, कुणी कधी वर्णन केलं, कोणतं नाव रद्द झालं, सगळं त्यात आहे आणि कुणालाही बघता येतं. नवी जात जाहीर करायची तर वर्णन छापावं लागतं, जवळच्या जातींपेक्षा वेगळेपण दाखवावं लागतं, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो संग्रहालयात ठेवावा लागतो. कोळ्यांचे अभ्यासक पीटर येगर यांनी 2001 मध्ये लाओसमधल्या हेटेरोपोडा मॅक्सिमाचं वर्णन केलं ते असंच. पाय पसरून तो तीस सेंटीमीटरपर्यंत भरतो. मेसेजमधला "ताटाएवढा" हा शब्द त्याच्याकडून उसना घेतलेला दिसतो. घरातल्या भिंतीवरचा त्याच्या निम्म्याइतकाही नसतो.

सगळ्यात जास्त राग मला "दोन प्रकार" या मुद्द्याचा येतो, कारण तो ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतो. डोळ्यांच्या खाली आडवी फिकट पट्टी असते, खरं आहे. काहींच्या पोटावर लांबट गडद खूण असते, तेही खरं. पण हे विषारी आणि बिनविषारी असे दोन प्रकार नाहीत. साधारणपणे पट्टीवाली भारदस्त असते ती मादी आणि सडपातळ, लांब पायांचा, खूणवाला असतो तो नर. जात एकच. पिल्लं तर दोघांपेक्षाही वेगळी दिसतात. ही चूक पूर्वी तज्ज्ञांकडूनही झाली आहे. हा कोळी इतक्या ठिकाणी पोचला की वेगवेगळ्या लोकांनी त्याला वेगवेगळी नावं दिली. 1793 मध्ये फॅब्रिशियस या कीटकतज्ज्ञानं दिलेलं रेजिया हे नाव बराच काळ चाललं. नंतर नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर ती सगळी एकाच जातीची ठरली.

मग जात ओळखायची कशी? रंगावरून तर नाहीच. आधी कुळ बघायचं. या कुळाचे, म्हणजे स्पॅरॅसिडीचे, पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात, म्हणून तो भिंतीला चपटा बसतो. पायाच्या शेवटच्या सांध्यापाशी तीन पाळ्यांचा एक मऊ पडदा असतो, त्यामुळे पावलाचं टोक हवं तसं वळतं. मेलेला कोळी स्पिरिटमध्ये ठेवला की हा पडदा भिंगाखाली स्पष्ट दिसतो. जात मात्र ठरते जननेंद्रियांच्या रचनेवरून: मादीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला असलेला जननेंद्रियाचा टणक भाग आणि नराच्या पेडिपॅल्पच्या टोकाची रचना. दोन्ही पूर्ण वाढ झाल्यावरच तयार होतात. भिंतीवर सापडलेली कात सहसा वाढीतल्या कोळ्याची असते, त्यामुळे तिच्यावरून कुणी छातीठोकपणे जात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मोबाइलवरच्या अंधुक फोटोचंही तेच.

डोळे सहा नसतात, आठ असतात. चार-चारच्या दोन ओळी, आणि पुढच्या ओळीत मधले दोन बारीक, कडेचे दोन मोठे. सहा डोळे लोक्सोसेलिस या कोळ्याला असतात, जोडीजोडीनं तीन ठिकाणी, आणि त्याचा चावा खरंच वाईट असू शकतो. कुणीतरी तिथली खूण इकडे आणून चिकटवली आहे. तिसऱ्या फोटोचंही तसंच झालंय. पुढचे पाय उंच उभारलेला तो कोळी हंट्समन नाहीच, तो दक्षिण अमेरिकेतला फोनुट्रिया आहे. त्याचं कुळ वेगळं, डोळ्यांची मांडणी दोन-चार-दोन, आणि त्याचं विष माणसाला धोक्याचं आहे. मेसेजमध्ये अर्धं सत्य असेल तर ते एवढंच. घोळ कुठून झाला तेही कळतं. दोघेही केळ्यांच्या घडांतून परदेशी पोचतात आणि दोघांनाही इंग्रजीत बनाना स्पायडर म्हणतात. बोलीतलं एक नाव दोन-तीन वेगवेगळ्या कोळ्यांना लागतं, म्हणूनच लॅटिन नावाची कटकट करावी लागते.

"माणसाची शिकार" यावर फार लिहिण्यासारखं नाही. हंट्समन म्हणजे शिकारी माणूस, व्हेनेटोरिया म्हणजे शिकार करणारी. जाळं न विणता धावून भक्ष्य पकडतो म्हणून हे नाव, आणि घरात त्याचं मुख्य भक्ष्य झुरळं. मावशीनं झुरळांचा फवारा मारला तो झुरळं खाणाऱ्यावरच.

चाव्याबद्दल. ऑस्ट्रेलियात या कुळातले कोळी भरपूर आहेत. तिथल्या आयस्बिस्टर आणि हर्स्ट या दोघांनी हंट्समन चावलेल्या दीडशेहून जास्त माणसांचा अभ्यास 2003 मध्ये टॉक्सिकॉन या नियतकालिकात छापला. त्यात धरले ते फक्त असे चावे, ज्यांत कोळी पकडला गेला आणि तज्ज्ञानं तपासून ओळखला. दुखणं आणि लाली हीच मुख्य लक्षणं, काही थोड्यांना मळमळ किंवा डोकेदुखी. मांस सडलं नाही, कुणी दगावलं नाही. दुखतं, ते नाकारत नाही. मोठा कोळी आहे, नख्याही मोठ्या आहेत.

आणि यावर उपाय म्हणून ब्लेडनं चिरायला सांगतात! चिरल्यानं विष बाहेर येत नाही. जखम मोठी होते, त्यात जंतू जातात, आणि मधुमेह असलेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मावशी त्या गोळ्या घेते. घट्ट बांधल्यानं रक्तपुरवठा तुटतो, वेदना वाढतात. साबणपाण्यानं धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखान्यात जा.

आणि जमलं तर तो कोळी चपलेनं ठेचू नका. वरून काचेचा पेला पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि डॉक्टरांकडे जाताना तसाच घेऊन जा. ठेचलेल्या कोळ्यावरून कुणालाही जात सांगता येत नाही. मावशीला मी हे दोनदा करून दाखवलं. तिनं पेला आणि पुठ्ठा बाथरूमच्या कोनाड्यात ठेवलाय, फवाऱ्याच्या जागी.