पिंजऱ्यात हात घालून बसणे

पक्षी पाळायचा ठरला की घरात आधी रंगावर चर्चा होते. निळा की पिवळा? पडद्यांना कुठला शोभेल? पाखराचं वय मात्र कुणी विचारत नाही. बजी, म्हणजे बजरीगर हा छोटा पोपट, घेताना मी रंगाआधी कपाळ बघतो. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत बारीक काळ्या रेघा असतात. पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. पिल्लाचा डोळाही सगळा काळाभोर. त्यात पांढरट कडं दिसलं, तर गृहस्थ वयात आले आहेत असं समजावं. तेही माणसाळतात, पण त्यांची माणसांबद्दलची मतं आधीच बनलेली असतात. (काही फिक्या रंगांच्या बजींत रेघाच नसतात. तिथे विकणाऱ्याचा शब्द आणि आपलं नशीब.)

दुसरा घोटाळा दयाळू लोकांचा. पन्नास बजींच्या कलकलाटात एक जण पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला असतो. "किती शांत आहे हो बिचारा!" म्हणत ते नेमका तोच उचलतात. तो शांत नसतो, आजारी असतो. श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय का, शेपटीखाली घाण चिकटलीय का, एवढं तरी पाहावं. जो दुसऱ्याच्या तोंडचा दाणा पळवतोय, तो आपला.

पिंजरा उंच नको, लांब हवा. बजी आडवा उडतो, त्याला लिफ्ट लागत नाही. गजांमधलं अंतर जेमतेम १२ मिलिमीटर, नाहीतर डोकं अडकतं. सोबत फुकट मिळालेला आरसा काढून ठेवावा. समोर इतकं देखणं, हो ला हो करणारं कुणी असताना तो तुमच्याकडे कशाला बघेल? आणि वाटी भरलेली दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. फुंकर मारली की कळतं, भरलेल्या वाटीपुढे पाखरू उपाशी आहे.

पहिला आठवडा काहीच करायचं नसतं, आणि तेच घरच्यांना जमत नाही. जो तो येऊन शीळ घालतो, गजांवर टिचक्या मारतो, "बोलतो का?" विचारतो. बोलत नाही. तो कालच आलाय.

मग हात. पिंजऱ्याच्या दारातून हळू आत न्यायचा आणि दहा मिनिटं हलवायचा नाही. वरून कधीच नाही; वरून झेपावतो तो ससाणा, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. दोन्ही डोळे रोखून बघायचंही नाही, शिकारी तसं बघतो. म्हणून मान वळवून, भिंतीकडे पाहत, मंद आवाजात काहीही बडबडत बसायचं. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजतं. पाचव्याला कोपराखाली मुंग्या येतात. सातव्याला दारावरची बेल वाजते. पाखरू अंग आवळून, काडीसारखं बारीक होऊन लांबच्या दांडीवर बसलेलं असतं, आणि आपण दचकून हात ओढला की आजची कमाई गेली. सकाळ-संध्याकाळ हेच करायचं.

काही दिवसांनी बोटांत राळ्याचं कणीस धरायचं. भूक भीतीपेक्षा थोडी मोठी झाली की मान लांबवून एक दाणा उचलला जातो. पाय मात्र दांडी सोडत नाहीत. कणीस रोज थोडं मागे सरकवायचं. शेवटी त्याच्या पोटाच्या खाली, पायांच्या अगदी वर, बोट आडवं टेकवून हलकेच दाबायचं; तोल सावरायला तो पाय उचलतो आणि बोटावर येतो. आधी चोचीनं बोट चाचपतो, पक्कं आहे ना बघायला. त्याला चावा समजून किंचाळू नये. खरंच चावला तरी हात ओढायचा नाही. "चावलं की हात जातो" हा धडा बजी एका बैठकीत शिकतो.

बाहेर सोडण्याआधी खिडक्या बंद, काचांवर पडदे, पंखा बंद आणि बटणावर चिकटपट्टी, कारण उकडायला लागलं की कुणाचा तरी हात आपोआप तिकडे जातो. स्वयंपाकघराचं दारही बंद. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. एवढं करून तो पडद्याच्या दांडीवर जाऊन बसेल आणि खाली येणार नाही. झाडू दाखवू नका. दाणापाणी फक्त पिंजऱ्यात ठेवा आणि वाट बघा. रात्र झालीच, तर तो कुठे बसलाय ते नीट पाहून दिवा मालवा. अंधारात तो उडायला धजत नाही. मग स्टुलावर चढून पातळ कापडात अलगद उचला. स्टूल आधीच जागेवर ठेवलेलं बरं.