सामायिक नदी, खासगी आकडे

तुमचा देश नदीच्या वरच्या अंगाला आहे? मग अभिनंदन. पाणी आधी तुमच्याकडे येतं आणि पाण्याची बातमीही. ती खाली पोहोचणार नाही एवढंच बघायचं. मात्र सहकार्याला कधी नाही म्हणू नका. करारावर सही ठोका, संयुक्त आयोग नेमा, बोधचिन्हात निळी लाट काढा.

खरं काम त्यानंतर, आणि ते शून्यापासून सुरू होतं. पातळी कुठल्या शून्यापासून मोजायची हे ज्याचं त्याने ठरवावं. डॅन्यूबच्या काठी ऑस्ट्रिया उंची धरतो एड्रियाटिक समुद्रापासून, शेजारचा हंगेरी बाल्टिकपासून. नदी जाते काळ्या समुद्राला. तिला कोण विचारतो! प्रदूषणाचंही तसंच. तुम्ही नायट्रेट मोजा, खालच्यांना नायट्रेटमधला नायट्रोजन मोजू द्या. एकाच बाटलीतल्या पाण्याचे आकडे जवळपास साडेचार पटींनी वेगळे येतील आणि खोटं कोणीच बोललेलं नसेल. सगळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून एकाच पद्धतीने नदीभर नमुने घ्यायचे, हा डॅन्यूबवर २००१ साली झालेला प्रकार मात्र आपल्याकडे नको. त्यात तुलना करता येते.

आकडे द्यायचेच झाले तर पुराचे द्या. मेकाँगच्या वरच्या अंगाला बसलेल्या चीनने २००२ च्या करारानुसार खालच्या देशांना पुराच्या मोसमातले आकडे दिले. बारमाही आकड्यांसाठी २०२० उजाडावं लागलं. पूर काय, न सांगताही दारात येतो. धरणाने किती पाणी दाबून धरलंय ही चौकशी सुरू होते कोरड्या महिन्यांत.

चाचण्यांमध्ये बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात याचं मोजमाप) आमची लाडकी. तिला मुळातच ५ दिवस लागतात. सही, शिक्का आणि ‘योग्य मार्गाने सादर’ यांचे दिवस वेगळे. उलट पाण्यात बसवलेला वाहकतेचा मीटर हा आगाऊ प्राणी. पाण्यात क्षार वाढले की लगेच काटा चढवतो, वरिष्ठांची परवानगीही घेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड-जर्मनीच्या सरहद्दीवरच्या ओडर नदीत पोलंडच्या बाजूला मासे मरू लागले. अशा वेळी कोणी कोणाला कळवायचं याची साखळी दोन्ही देशांनी आखून ठेवली होती. ती हललीच नाही, अशी जर्मन अधिकाऱ्यांची तक्रार. तिकडे फ्रांकफुर्ट (ओडरकाठचं, विमानतळवालं नव्हे) इथल्या जर्मन मोजणी केंद्रात वाहकता चढलेली दिसत होती. शेवटी सरहद्दीवर बातमी दिली ती माशांनीच, पोट वर करून. खारट सांडपाणी, ऊन, आटलेलं पात्र आणि त्यात फोफावलेलं विषारी शेवाळ, हा उलगडा झाला तेव्हा शेकडो टन मासे मेले होते.

तेव्हा मीटर घ्याच, उद्घाटनाला बरा दिसतो. त्याचा इशारा रात्री कोणाच्या फोनवर जाणार, हे तेवढं ठरवू नका. पुढच्या बैठकीत ‘माहितीची देवाणघेवाण वाढवण्यावर एकमत’ हा ठराव मांडायचाय. मागच्या वेळचाच कागद चालेल, तारीख बदला.