जखम भरली तरी चेहरा जळतो, आणि ते ‘मनाचं’ नसतं

‘चेहऱ्याच्या नसेचं दुखणं: डॉक्टर लपवतात ते सत्य’ असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचं सार असं: जखम भरली की नस बरी होते, त्यानंतरही दुखत असेल तर ते मनाचं, डॉक्टर नैराश्याची गोळी देतात हाच त्याचा पुरावा, गोळी सोडा, नाकात तूप घाला, तरी दुखणं थांबलं नाही तर शेजारची दाढ काढा. अक्कलदाढ काढताना माझ्या मावशीच्या नसेला इजा झाली, तेव्हापासून तिचा खालचा ओठ आणि हनुवटी जळते. हा मजकूर वाचून तिने गोळी परस्पर बंद केली. म्हणून हे लिहायला बसले.

आधी त्या गोळीबद्दल. ॲमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्यासाठी वापरात आली, हे खरं. पण नसेच्या दुखण्यावर ती बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यावर लागणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. मेंदूकडून खाली येणारे, वेदना दाबणारे संदेश ती बळकट करते. ॲस्पिरिन तापावर देतात आणि हार्ट अटॅकनंतरही देतात, म्हणून हार्ट अटॅक म्हणजे ताप होत नाही! शिवाय अशी गोळी एकदम तोडली तर झोप उडू शकते, मळमळतं, जीव अस्वस्थ होतो. मग घरातलेच म्हणतात, ‘बघ, मनाचंच होतं.’

आता ‘जखम भरली’ हा मुद्दा. चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल नस वाहून नेते आणि तिचा पहिला मुक्काम मेंदूच्या देठात, ब्रेनस्टेममध्ये असतो. दुखावलेली नस कारण नसताना संदेश सोडत राहते. त्या माऱ्याने तिथल्या चेतापेशी अतिसंवेदनशील होतात, मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी खवळून रसायनं सोडतात, आणि वेदनेला आवर घालणाऱ्या पेशींचा जोर घटतो. मग तोंड पुसताना झालेला टॉवेलचा स्पर्शसुद्धा वेदना म्हणून वर पोचतो. हिरडी तोवर कधीच भरून आलेली असते. एक्स-रे स्वच्छ येतो, कारण पेशींचं वागणं एक्स-रेत दिसत नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फॅन वांग यांच्या गटाने उंदरांवर केलेला एक अभ्यास 2017 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. चेहऱ्याकडून येणाऱ्या काही संवेदी पेशी थेट मेंदूच्या देठातल्या ‘पॅराब्रॅकियल केंद्रक’ या भागाशी जोडलेल्या असतात, असं त्यात आढळलं. वेदनेतली यातना, भीती, नकोसेपण यांच्याशी संबंधित असा हा भाग. प्रकाश वापरून ही जोडणी चालू केली की उंदीर पळ काढत, ओरडत. बंद केली की चेहऱ्याची वेदना कमी होई. माणसात सगळं जसंच्या तसं असेल असं मी म्हणत नाही. पण चेहऱ्याच्या दुखण्याने माणूस इतका का कोलमडतो, याचं उत्तर आधी चेतापेशींच्या जोडणीत शोधायला हवं. आजारी बाईच्या स्वभावात नव्हे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. काळजी आणि जागरण यांनी हे दुखणं वाढतं, आणि समुपदेशनाने काहींना ते सोसणं सोपं जातं. पण वाढवणारी गोष्ट आणि मूळ कारण एक नव्हे.

‘मेंदूच्या पेशी लहानपणीच पक्क्या होतात, पुढे बदलत नाहीत’ हेही त्या व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात ठोकून दिलंय. तसं असतं तर चाळिशीत कुणी गाडी चालवायला शिकलं नसतं. आणि नाकात घातलेलं तूप ब्रेनस्टेमपर्यंत पोचत नाही.

राहिली शेजारची दाढ. दाढेत खरंच कीड किंवा पू असेल तर ती काढावीच. पण निरोगी दाढ उपटणं म्हणजे आधीच बिथरलेल्या नसेला आणखी एक इजा. मावशीला सांगितलंय: दंतवैद्याकडे जायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं, आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची तेही त्यांनाच विचारायचं.