निकाल शोधणं आणि निकाल वाचणं

साहेब, नमस्कार. संगणकावर न्यायनिवाडे शोधायची सोय प्रत्येक कोर्टात हवी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘शब्द टाकला, निकाल आला, प्रिंट काढून कोर्टापुढे ठेवली. वाचतो कोण? नव्या वकिलांना तुम्हीच आळशी करताय.’

तुमचा राग समजतो. नुसती हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून उभे राहिलेले जुनियर मीही पाहिलेत. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, निकालाचा भाग नसते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण एक प्रसंग सांगतो. साताऱ्यात वाटणीच्या दाव्यात मी मुलीकडून होतो. वडील २००१ साली वारलेले. समोरच्या वकीलसाहेबांनी छापील निकालांचा खंड उघडला. कडेला चिठ्ठ्या, ओळींखाली पेन्सिल. प्रकाश विरुद्ध फुलवती, २०१५ : ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. त्यांचं वाचन चोख होतं. पण ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा प्रकरणात फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला, मुलीचा हक्क जन्मानेच असतो असं सांगितलं, हे त्या खंडाला कुठून कळावं? संगणकावर फुलवती उघडला की तो आता ‘ओव्हररूल्ड’ आहे, हे नावापाशीच दिसतं.

आता तुमची बाजू. ‘१९९८ लाच तोंडी वाटप झालं होतं,’ असा समोरच्यांचा दुसरा बचाव होता. त्याचं उत्तर विनीता शर्मातच आहे, पण खूप आत. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा हुकूमनाम्याने झालेली वाटणी मोडत नाही. नुसतं तोंडी वाटप सहसा मानायचं नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असला तरच अपवाद. ते सापडायला मला दोन रात्री लागल्या. मग जुने फेरफार काढले. एकातही वाटपाची नोंद नव्हती. हे काम संगणकाने केलं नाही, कबूल.

आणखी एक. खंडांचा पूर्ण संच जिल्ह्याच्या ठिकाणी असायचा. पाटणच्या किंवा जतच्या वकिलाने काय करायचं? जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने ‘ई-एससीआर’ या आपल्या ऑनलाइन संग्रहावर अधिकृत निकाल फुकट खुले केलेत. माझ्यासाठी ही न्यायाचीच गोष्ट आहे.

मनाने निकाल रचणारे चॅटचे प्रोग्रॅम मात्र यात धरू नका. त्यांनी बनवलेले खोटे दाखले दिल्याबद्दल २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने वकिलांना दंड केला. मी म्हणतो ती सोय मूळ निकाल समोर ठेवते.

माझ्या ऑफिसात जुनियर प्रिंट घेऊन आला की मी आधी परिच्छेदाचा क्रमांक विचारतो. सांगता आला नाही तर प्रिंट त्याच्याकडेच परत.