वरच्या मजल्यांचं काय?
लेखात पुराचा विमा तळमजलेवाल्यांनी घ्यावा म्हटलंय. वरच्यांना का सोडलं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. मीटर रूममध्ये आणि पंपात पाणी शिरलं की सातव्या मजल्यावरही अंधार, नळ कोरडे. सोसायटीची पॉलिसी (असलीच तर!) बहुतेकदा इमारतीपुरती, फ्रिज, फुगलेली प्लायवूडची कपाटं तुमची तुम्ही निस्तरा. २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या घराच्या विम्याच्या पॉलिसीत पूर धरलेलाच आहे. घराच्या विम्याची रक्कम ठरते बांधकामखर्चावर, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही, त्यामुळे हप्त्याचा उगाच धसका घेऊ नका. आणि गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. कागद काढून बघा एकदा.