सिनेटर व्हायचंय? आधी आडनावाचं बघा

फिलिपिन्समध्ये सिनेटर व्हायचं मनात असेल तर कायद्याची पुस्तकं रद्दीत घाला. तिथे सिनेटर 24, दर तीन वर्षांनी त्यातले निम्मे निवडायचे, आणि मतदारसंघ एकच: अख्खा देश. प्रत्येकाने 12 जण निवडायचे. आता बारा जणांची कामं कोण लक्षात ठेवतंय? नाव तेवढं राहतं डोक्यात.

म्हणून सुरुवात सिनेमापासून करा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोसेफ एस्त्राडांनी तेच केलं. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं, घरच्यांनी बजावलं की आमचं आडनाव लावायचं नाही, तेव्हा एहेर्सितोचे एस्त्राडा झाले आणि पडद्यावर गरिबांच्या वतीने गुंडांना बुकलत राहिले. 'पारे' म्हणजे दोस्त; रोमन अक्षरं उलटी वाचली की 'एराप', हेच त्यांचं टोपणनाव. तुमचंही टोपणनाव उलटं वाचून बघा, काही निघालं तर निघालं.

मग मनिलाला खेटून असलेल्या सान हुआनचं मेयरपद, 1969 ते 1986. तिथून 1987 ला थेट सिनेट. तिथे एखादं ठाम मत देऊन टाका. 16 सप्टेंबर 1991 ला अमेरिकी तळांचा करार 12 सिनेटरांनी फेटाळला, त्यात हेही होते. (हे काम खरंच चांगलं होतं, पण असं रोज करायची गरज नसते.)

1998 ला राष्ट्राध्यक्ष झालात की मित्र जपून निवडा. हुएतेंग म्हणजे तिकडचा मटका. त्याचे हप्ते वर पोचतात, हे 2000 साली जुन्या दोस्तानेच, एका गव्हर्नरने, जगाला सांगितलं. महाभियोग चालला. पुराव्याचं एक बंद पाकीट उघडायचं की नाही यावर 16 जानेवारी 2001 ला सिनेटमध्ये मतं पडली: नको 11, हवं 10. जिंकलेल्या बाजूच्या एक बाई सभागृहातच ठुमकल्या, आणि टीव्हीने ते घराघरांत दाखवलं. रात्रीपासून लोक एड्सा रस्त्यावर जमू लागले. चौथ्या दिवशी साहेब राजवाड्यामागच्या पासिग नदीतून बोटीने निघाले. ठुमकायचं तर घरी ठुमका.

तुरुंगाची धास्ती नको. एप्रिल 2001 ला नवरा कोठडीत, मे महिन्यात बायको सिनेटवर निवडून. 2007 च्या सप्टेंबरात जन्मठेप, ऑक्टोबरात माफी. माफीनाम्यात लिहिलं होतं की यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं कबूल केलंय. यांनी 2010 ला राष्ट्राध्यक्षपद लढवलं, हरले, आणि 2013 ला मनिलाचे मेयर झाले. सुप्रीम कोर्ट 2015 मध्ये म्हणालं, चालतंय. कबुली वेगळी, अट वेगळी. एवढं व्याकरण तेवढं शिकून ठेवा.

2019 मात्र वाईट गेलं. मनिला गेलं, सान हुआन गेलं, सिनेटला उभे असलेले दोन्ही मुलगे पडले. दोघेही सान हुआनचे माजी मेयर, दुसरं काय! थोरल्यावर तर तेव्हा कोट्यवधींच्या सरकारी निधीतल्या गैरव्यवहाराचा खटला चालू होता. 2022 ला दोघे पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले: एक दहावा, एक बारावा.

तेव्हा पोरांना एकच आडनाव देऊ नका. एक एहेर्सितो, एक एस्त्राडा. मतपत्रिकेवर नावं आडनावांच्या क्रमाने येतात, आणि रोमन लिपीत दोन्हीही ई वरूनच. तिथवर मतासाठी नावापुढचे गोल रंगवणाऱ्याचा हात अजून दमलेला नसतो.