परतले ते कुणाकडे?

नमस्कार,

ब्लॅकपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांनी मालकाच्या निषेधार्थ घरच्या मैदानावर बहिष्कार टाकून चार वर्षं आपल्या संघाकडे पाठ फिरवली, ते मालक बदलताच झेंडे घेऊन परत आले आणि मी त्यांना डोक्यावर घेतलं. खरे निष्ठावंत म्हणजे पडत्या काळातही दर शनिवारी स्टँडमध्ये बसून राहिलेले. बाकीच्यांसाठी तुम्ही म्हण वापरलीत, ‘असतील शितं तर जमतील भुतं’. यात खेळाडूंचा काय दोष, हेही तुम्ही विचारलंत. आणि शेवटी, नवा मालकही तसाच निघाला तर हे लोक पुन्हा घरी बसणार का?

आधी त्या म्हणीबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

ब्लॅकपूलचे चाहते ब्लूमफील्ड रोड या आपल्या मैदानावर परतले तो दिवस ९ मार्च २०१९. समोर साउथएंड युनायटेड, सामना इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला. त्या दिवशी क्लबला नवा मालक नव्हता. सायमन सॅडलर यांनी क्लब विकत घेतला तो जूनमध्ये. मार्चमध्ये होता तो न्यायालयाने फेब्रुवारीत नेमलेला एक रिसीव्हर. त्याचं काम जुन्या मालकाकडून येणं वसूल करण्याचं. त्याने त्या मालकाला, ओवेन ऑयस्टन यांना, संचालक मंडळातून काढलं, एवढंच काय ते झालं होतं. क्लब कोण घेणार, घेणार तरी का, हे कुणालाच माहीत नव्हतं. रिसीव्हर आल्यामुळे १२ गुण कापले जाण्याची टांगती तलवार होती ती वेगळीच. पुढे लीगने ते कापले नाहीत, पण मार्चमध्ये हे कोण सांगणार होतं? अशा दिवशी १५,८७१ माणसं आली. मला सांगा, शितं कुठे होती?

मालक बदलला म्हणून चाहते परतले, असं आपण सरसकट बोलतो. ब्लॅकपूलला ते नव्या मालकाकडे परतलेच नाहीत. जुना मालक गेल्यावर जे उरलं त्याच्याकडे परतले. तो फरक मला फार मोठा वाटतो आणि मागचा लेख मी त्याच्यासाठीच लिहिला होता.

आता ‘पाठ फिरवली’ याकडे येतो. २०१० साली हा क्लब वेम्बलीला कार्डिफला ३-२ हरवून प्रीमियर लीगमध्ये गेला, तेव्हा अर्धं स्टेडियम क्लबच्या रंगाने नारिंगी झालं होतं. एकच हंगाम टिकला, पण त्या एका हंगामात छोट्या क्लबला आयुष्यभर पुरेल एवढा पैसा येतो. तो मैदानाला, सरावाच्या जागेला, संघाला लागायला हवा होता. त्यातले १ कोटी १० लाख पाउंड संचालकाचं मानधन म्हणून ऑयस्टन यांच्या कंपनीला गेले. २०१४ चा हंगाम तोंडावर आला तेव्हा क्लबकडे करारबद्ध खेळाडू धड दहासुद्धा नव्हते. पुढच्या दोन वर्षांत लागोपाठ दोनदा खालच्या श्रेणीत घसरण झाली. हे निव्वळ चाहत्यांचं गाऱ्हाणं नाही. सहमालक वलेरी बेलोकोन न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायमूर्तींनी क्लबमधून पैसा अवैधपणे उपसला गेल्याचं निकालात नमूद करून बेलोकोन यांना ३ कोटी १२ लाख पाउंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला.

आता मला सांगा, त्या काळात घरच्या सामन्याचं तिकीट काढणाऱ्याचा पैसा कुठे जात होता? चाहत्यांना निकालाच्या दोन-तीन वर्षं आधीच जे दिसत होतं, ते न्यायालयाने नंतर कागदावर आणलं. आणि जे दिसत होतं ते बोलण्याचीही किंमत होती. मालकांनी चाहत्यांवर बदनामीचे दावे लावले. एका वयस्कर चाहत्याला फेसबुकवरच्या लिखाणापायी २० हजार पाउंड भरावे लागले, आणि ते इतर चाहत्यांनी वर्गणी काढून जमवले. संघाशी देणंघेणं संपलेली माणसं असं करत नाहीत हो.

एक गोष्ट मी मागच्या लेखात ओझरती लिहिली होती, ती इथे सविस्तर सांगतो. इंग्लंडच्या लीग सामन्यांत तिकिटांचं उत्पन्न यजमान क्लबकडे राहतं. म्हणजे ब्लॅकपूलचा चाहता बाहेरगावच्या सामन्याला गेला तर त्याच्या तिकिटातली एक पेनीही ऑयस्टन यांच्या हाती पडत नव्हती. हे ध्यानात घेऊन कितीतरी लोक घरचे सामने सोडून फक्त बाहेरचे सामने बघायला जात. घरापासून चार पावलांवरचं मैदान वर्ज्य, आणि दोनशे मैलांवरच्या मैदानात पावसात उभं राहून गळा फोडून ओरडायचं. पदरमोड किती, प्रवास किती, आणि समोर संघ बहुतेक वेळा साधारणच. तुम्ही निष्ठेची व्याख्या ‘दर शनिवारी हजर’ अशी केलीत. हे लोक हजर होते. कुठे हजर राहायचं, हे त्यांनी विचार करून ठरवलं होतं.

एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेचा हिशेब वेगळा, तिथे उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटलं जातं. जानेवारी २०१९ मध्ये आर्सेनल ब्लूमफील्ड रोडला आलं. इतका मोठा पाहुणा, एरवी तिकिटासाठी झुंबड उडाली असती. बहिष्कारवाले त्या दिवशीही आत गेले नाहीत. एक जण तर आर्सेनलच्या बसच्या टपावर चढून बसला. बसच्या टपावर चढणं योग्य, असं मी म्हणणार नाही. पण आर्सेनल दारात उभं असताना बाहेर थांबायला काय लागत असेल, याचा विचार तुम्ही एकदा करून बघा.

त्याहून अवघड परीक्षा २०१७ च्या मे महिन्यातली. चौथ्या श्रेणीचा प्ले-ऑफ अंतिम सामना, वेम्बली, समोर एक्झिटर. ब्लॅकपूल २-१ जिंकलं, वरच्या श्रेणीत गेलं. सामन्याला एकूण २३,३८० माणसं, आणि त्यातही मोठा भाग एक्झिटरचा. सात वर्षांपूर्वी जिथे हजारो नारिंगी स्कार्फ फडकले होते तिथे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा. संघ जिंकत असताना बाहेर राहिलेल्यांना संधिसाधू कसं म्हणायचं? संधी तर तीच होती.

खेळाडूंचा प्रश्न तुमचा रास्त आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं समाधानकारक उत्तर नाही. त्यांचा दोष काहीच नव्हता. सतरा हजारांच्या मैदानात तुरळक माणसांपुढे खेळताना त्यांना काय वाटत असेल ते समजतं. फक्त एवढंच म्हणेन की ते मैदान रिकामं करायची वेळ चाहत्यांवर ज्याने आणली, त्याच्याकडे बोट न दाखवता आपण चाहत्यांकडेच दाखवतो, तेव्हा मला ते बोचतं.

आणि बसून राहिले असते तर क्लब वाचलाच असता, हे गृहीत धरणंही बरोबर नाही. बरी या क्लबचं उदाहरण घ्या. त्याच २०१९ च्या वसंतात बरीने चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून बढती घेतली. संघ चांगला, चाहते स्टँडमध्ये. क्लब त्याआधी डिसेंबरमध्ये १ पाउंडाला विकला गेला होता आणि खाली कर्जाचा डोंगर होता. २७ ऑगस्ट २०१९ ला बरीला लीगमधून काढून टाकलं. शंभराहून जास्त वर्षांचा क्लब. त्याआधी बरीच्या गिग लेन मैदानावर चाहते झाडू-फावडी घेऊन मैदान साफ करायला जमले होते, पुढचा सामना होईल या आशेवर. तो झाला नाही. इमानाने येत राहणं आणि क्लब जगणं यांचा थेट संबंध असता तर बरी आज कुठे असतं!

साफसफाईवरून ब्लूमफील्ड रोडचीच गोष्ट आठवली. साउथएंडच्या सामन्याआधी तिथेही स्वयंसेवक जमले. वर्षानुवर्षं कुणी न बसलेल्या खुर्च्यांवर पक्ष्यांची विष्ठा वाळून घट्ट झालेली, रंग विटलेला. लोकांनी बादल्या आणि ब्रश घेऊन एकेक खुर्ची घासून काढली. तिकिटाचे पैसे देऊन ज्या खुर्चीवर बसायचं ती आधी स्वतः धुवायची. सामना २-२ बरोबरीत सुटला, बरोबरीचा गोल भरपाईच्या वेळेत झाला आणि लोक आनंदाने मैदानात धावले. तिसऱ्या श्रेणीतला एक बरोबरीचा सामना तो! गुणतालिकेत एका गुणाची नोंद. हे चित्र बघून भुतं आठवावीत असं त्यात काय आहे, मला खरंच कळत नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतला एक भाग मला मनापासून पटतो, तो आत बसून राहिलेल्यांबद्दलचा. त्या चार वर्षांत त्यांना बाहेरच्यांकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं. काही घरांत बाप आत आणि मुलगा बाहेर असं झालं. कुणासाठी शनिवारचा सामना हीच आठवड्यातली माणसांत बसण्याची एकमेव वेळ होती. अशा माणसाला ‘तू मालकाला पोसतोस’ म्हणणं क्रूरपणा आहे. ब्लॅकपूलला परतणाऱ्यांनी आत असलेल्यांना माफी मागायला लावली नाही की स्वतः मागितली नाही, दोघं शेजारी बसले, हे मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं यश वाटतं. तुम्ही मात्र तोच जुना वाद उलट्या बाजूने उकरून काढताय. तेव्हा आतल्यांना गद्दार म्हणत, आता बाहेरच्यांना. त्याने काय साधणार?

तुमची टीका लागू पडते अशीही जागा आहे, ती न्यूकासल क्लबची. मालक माइक ॲश्ली यांच्या काळात तिथेही लोक कंटाळून मैदान सोडत होते. इतके की सीझन तिकीटवाल्यांनी सोबत कुणाला आणावं म्हणून क्लबने दहा हजार अर्ध्या हंगामाची तिकिटं फुकट दिली. मग ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने ८० टक्के वाटा घेतला, एकूण व्यवहार ३० कोटी ५० लाख पाउंडांचा. क्लबच्या सेंट जेम्स पार्क मैदानाबाहेर गर्दी उसळली. ॲश्ली गेल्याचा आनंद मी समजू शकतो, चौदा वर्षं थोडी नव्हेत. पण त्या गर्दीत काहीजण सौदी पोशाख घालून, झेंडे घेऊन नाचत होते. मानवी हक्कांवरून ज्या राजवटीवर जगभरातून टीका होते, तिचं एका रात्रीत गुणगान. तिथे चाहता नव्या मालकाकडे गेला, आणि तिथे तुमची म्हण मी खोडणार नाही. ब्लॅकपूलला ती लावू नका, एवढंच.

आणि ब्लॅकपूल अपवाद होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेफील्ड वेन्सडे क्लबचं बघा. चाहत्यांनी मालकाविरुद्ध बहिष्कार टाकल्याने मिडल्सब्रोविरुद्धचा सामना क्लबच्या बव्हंशी रिकाम्या हिल्सबरो मैदानावर झाला. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, क्लब आर्थिक संकटापायी नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. १२ गुण कापले, खात्यात उणे सहा. तळाला असलेला, मालक नसलेला, पगाराची भ्रांत असलेला संघ. आणि लोक लगेच परत आले, क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लावून स्कार्फ आणि जर्सी घेऊ लागले, कारण आता तो पैसा क्लबलाच मिळणार होता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नवा मालकही तसाच निघाला तर पुन्हा घरी बसणार का? माझं उत्तर आहे, हो, बसावं. फक्त चार वर्षं वाट बघायची पाळी येऊ नये. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे. मालक होऊ पाहणाऱ्याची छाननी आणि क्लबच्या हिशेबावर लक्ष ही त्याची कामं. ब्लॅकपूल, बरी, चार्ल्टन, रेडिंग अशा ठिकाणच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला नसता तर तो आला असता असं मला वाटत नाही. त्याच्या हातून कितपत होतं ते येत्या काही हंगामांत दिसेलच, आणि त्यावर मी लिहीन तेव्हा तुम्ही जरूर पुन्हा वाद घाला.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, ‘मी असतो तर आत बसलो असतो.’ बसला असतात तर मी तुम्हाला नावं ठेवली नसती. साउथएंडच्या सामन्याला शेजारची खुर्ची घासून ठेवणारा जो कोणी असेल त्याला तुम्ही हात पुढे केला असता का, एवढंच कळवा.

कळावे.